मास्तरांना शनिवारी फोन कर

प्रिय सुन्या,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. तब्येती सगळ्यांच्या ठीक, माझी शुगर आटोक्यात आहे, आईचे गुडघे आहेत तसेच. आता मुद्द्यावर येतो, कारण हे इथे कोणाला सांगायला गेलो तर लगेच म्हणतील चला प्रार्थनासभा ठेवू, आणि सध्या नेमकं तेच नकोय.

चर्चमध्ये पेटी वाजवणारे आपले मास्तर हल्ली चर्चला येत नाहीयेत. त्यांच्या पत्नी, आपल्या मावशी, वारल्यापासून एकदाही नाही. पेटी घरी नेऊन ठेवलीय, वर मावशींचीच शाल. उपासनेला कीबोर्डवाला पोरगा वाजवतो, मन लावून वाजवतो बिचारा, पण रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन आलं की महिला मंडळ त्याच्या आधीच पुढच्या कडव्यावर पोचलेलं असतं. तू असतास तर हसू दाबता दाबता बाकाखाली गेला असतास आणि मग मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं असतं.

लोक त्यांना विसरलेत असं नाही रे, उलट आहे. रोज पहाटे मोबाईलवर वचनं, उगवत्या सूर्याचे फोटो, हात जोडलेले. घरीही जातात. मागच्या आठवड्यात आम्ही सगळे शरणपूरला त्यांच्याकडे गेलो, तर एका ज्येष्ठ भावाने जे सुरू केलं ते थांबेचना, देव प्रिय लेकरांचीच परीक्षा घेतो, दुःख धरून बसणं हा पण अविश्वासच, आणि शेवटी विचारलं की मावशींच्या आजारपणात घरची कौटुंबिक प्रार्थना चुकत तर नव्हती ना. सुन्या, मास्तर काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आलेच नाहीत. माझं रक्त असं उसळलं ना, पण त्या घरात आवाज चढवायचा नव्हता.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चाललंय. आपण ज्याला धीर देणं म्हणतो ते बऱ्याचदा आपलीच भीती झाकणं असतं. समोरचा रडतोय हे आपल्याला सहन होत नाही म्हणून आपण वचन काढतो. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र बघ. सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द नाही, तोपर्यंत त्यांच्यासारखे मित्र नाहीत. तोंड उघडून कारणं सांगायला लागले तिथून बिघडलं, शेवटी देवाचा राग त्यांच्यावर, ईयोबावर नाही. आणि एलीया संदेष्टा? कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवला आणि दुसऱ्याच अध्यायात झुडपाखाली पडून म्हणतो प्रभो पुरे आता, मला मरू दे. दूताने तिथे त्याला विश्वासावर लेक्चर दिलं का? निखाऱ्यावरची भाकर दिली, पाणी दिलं. तो जेवला, परत झोपला. परत उठवून परत जेवायला घातलं. देव त्याच्याशी बोलला तो पुढे चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो, आधी भाकर, मग झोप, मग चाल, बोलणं सगळ्यात शेवटी.

आणि ते इब्री लोकांस पत्राचं दहावं प्रकरण, एकत्र मिळणं सोडू नका, ते मास्तरांना निदान पाच जणांनी तरी पाठवलं असेल. पण त्याच्या आधीची ओवी कोणी पाठवत नाही, एकमेकांकडे लक्ष द्या ही. लक्ष न देता नुसतं बोलावणं म्हणजे हजेरी घेणं झालं.

आता ऐक, तुझ्यासाठी खास. बंट्या आठवतो ना? कसा नाही आठवणार, तूच त्याला काढलं होतंस. ख्रिसमसच्या नाटकाच्या दोन दिवस आधी गायब झाला म्हणून तू तरुण संघाच्या मीटिंगमध्ये उभं राहून म्हणालास की अशा पोरांवर वेळ घालवायचा नाही, मी भांडलो, आणि तू प्रेषित पौलाचं उदाहरण फेकलंस, की पंफुल्यात अर्ध्यावर सोडून गेलेल्या मार्काला पौलाने परत नेलं नाही. मी म्हटलं पौलाचा जोडीदार बर्णबाने नेलं ना, कुप्र बेटावर. मग आपण सीबीएस स्टँडपर्यंत भांडत गेलो आणि तू रागाने माझी पण मिसळ खाल्लीस! आता विचारतो, म्हातारपणी तुरुंगातून आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिताना पौल कोणाला घेऊन ये म्हणतो? मार्कालाच. हे तेव्हा सुचायला हवं होतं.

तर हा बंट्या सातपूरच्या ड्यूटीवरून सुटला की मास्तरांकडे जातो. भाजी आणतो, गिझर बघतो, क्रिकेट लावतो. त्याला पाच वचनं सलग पाठ नसतील. परवा तो मास्तरांना म्हणाला पावसाने पेटीचे सूर अडकले असतील, उघडून बघू का. मास्तर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले शाल नीट घडी करून ठेव. दोघांनी मिळून कचरा काढला आणि मास्तरांनी काळी चारची पट्टी दाबून धरली, बाकी काही नाही. बंट्याने मला हे सांगितलं आणि मी दुकानातच रडलो. तुला कळेल कोणतं भजन तिथून उचलायचे ते.

मला घाई नकोय. टिळकांच्या पत्नी, जलालपूरच्या लक्ष्मीबाईंची गोष्ट मास्तरच सांगायचे ना, १८९५ ला टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या किती तुटल्या, वर्षानुवर्षं वेगळ्या राहिल्या, मग टिळकांकडे परत आल्या तरी ख्रिस्ती झाल्या त्या आपल्या वेळेने. हे सांगताना मास्तरांचा आवाज हलायचा. त्यांच्या वाट्याला तेवढा धीर आपण धरायला नको?

तुझ्या नव्या फ्लॅटचं अभिनंदन, हप्ता झेपतोय ना? छकुलीची दहावी आहे, तिला फार ताणू नका. वहिनींच्या बदलीचं काय झालं ते कळव.

आणि शनिवारी संध्याकाळी सातला मास्तरांना फोन कर, आपल्या प्रॅक्टिसची वेळ, तेव्हाच त्यांना घर खायला उठतं. चर्चला का येत नाही विचारू नकोस. त्या भजनाचा अंतरा विसरलोय म्हणून विचार, खरंच विसरला असशील तू. मावशींचं नाव घ्यायला घाबरू नको, बाकी सगळे टाळतात आणि त्यांना तिच्याबद्दलच बोलायचं असतं. प्रार्थना त्यांनी म्हटलं तर कर, छोटी. नंबर तोच आहे. फोन झाला की मला लगेच सांग, कितीही उशीर झाला तरी.

तुझा,
विजू