पट्टा लावून उभी राहिलेली न्गोनी

संद्या,

'पिकअप आणि पेडल लावल्यावर परंपरा कसली उरली बोडक्याची' हा पश्चिम आफ्रिकेच्या जुन्या वाद्यांना वीज जोडण्यावरचा तुझा मेसेज वाचला आणि म्हटलं व्हॉट्सअ‍ॅपवर भांडण्यात अर्थ नाही, तिथे तू अंगठा दाखवून पळतोस, त्यापेक्षा पत्रच लिहितो.

बासेकू कुयाते ऐकलायस का? पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा, सेगू शहराजवळच्या गराना गावचा. त्याचं वाद्य न्गोनी, म्हणजे कोरलेलं लांबट लाकूड, त्यावर ताणलेलं कातडं, मोजक्या तारा, आणि बँजोचं मूळ याच जातकुळीत आहे म्हणतात. घरात पिढ्यान्पिढ्या हेच, राजांच्या वंशावळी आणि पराक्रम गायचे. पण न्गोनीवाला खाली बसायचा, साथीला. बासेकूने वाद्याला पट्टा लावला आणि गिटारवाल्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला, झालं! साथीचं वाद्य पुढे आलं. मग त्याने न्गोनी बा नावाचा बँड काढला ज्यात न्गोन्याच न्गोन्या, त्यातली एक खर्जातली, ती बास गिटारचं काम करते, आणि गायला बायको, आमी साको. त्यांचा 2007 चा अल्बम 'सेगू ब्लू' लाव, वळण जुन्या सेगूचंच आहे. पुढे वाह पेडलही आलं, म्हणजे पायाने दाबून सुराचा 'वाव-वाव' करणारं, आणि खरं सांगू, काही ठिकाणी मला ते जरा जास्तच वाटतं, पण म्हणून बोटं खोटी होत नाहीत ना.

आणि 'मूळ रूप' म्हणजे नेमकं कुठलं रे? तिकडचंच दुसरं तारवाद्य, कोराच घे. अर्धा भोपळा, गाईचं कातडं, 21 तारा. त्या तारा पूर्वी हरणाच्या कातड्याच्या बारीक पट्ट्यांच्या असायच्या, आता मासेमारीचा नायलॉन. सूर लावायला दांड्यावरच्या चामड्याच्या कड्या सरकवायच्या, आता बरेच जण गिटारच्या चाव्या बसवतात. मालीचाच कोरावाला तुमानी दियाबाते, त्याचा 1988 चा 'कैरा' नुसत्या कोराचा अल्बम आहे, खर्ज, मधली गत आणि वरच्या ताना हे सगळं एकटा माणूस दोन अंगठे आणि दोन तर्जन्यांवर काढतो, बाकीची बोटं वाद्य धरायला. त्याच वर्षी हाच बाबा स्पेनच्या केतामा बँडसोबत फ्लामेंकोवाला 'सोंगाई' पण करतो! तुझ्या हिशोबाने मग तो शुद्ध की भेसळ?

1970 मध्ये तुमानीच्या वडलांनी आणि बालाके सिसोको या दुसऱ्या कोरावाल्याच्या वडलांनी कोराचं रेकॉर्डिंग केलं होतं, 1999 ला दोघांच्या पोरांनी मिळून 'न्यू एन्शंट स्ट्रिंग्ज' केला. आपल्याकडे घराण्यात होतं तसंच. तुमानी जुलै 2024 मध्ये गेला, अवघा 58 चा. मुलगा सिदिकी मालीच्या राजधानीत, बामाकोत पॉप आणि हिपहॉप करतो, तरी 2014 ला बापलेकांनी बसून नुसत्या कोराचा अल्बम केलाच की.

सोना जोबार्ते तर अजून पुढची. कोरा हे बापाकडून मुलाकडे जाणारं वाद्य ही बाई स्टेजवर वाजवते, आणि 2015 मध्ये तिने गांबियात शाळाच काढली. मला विचारशील तर टिकवणं ते हे.

2012 ला उत्तर मालीत जिहादींनी संगीतावरच बंदी घातली होती, बामाकोत सत्तापालट झाला तेव्हा बासेकू तिथेच 'जामा को' हा अल्बम रेकॉर्ड करत होता. त्यात संताप ऐकू येतो. पण तो नंतर लाव, आधी 'कैरा', आणि फोनच्या स्पीकरवर नको रे बाबा, खर्ज जातो सगळा.

तुझाच,
मिल्या


ता. क. उत्तर पत्रानेच दे, अंगठा चालणार नाही.