'च' कुठे लावायचा

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर विचारलंस, "आई, माझी रूममेट म्हणते देव एक, आपणही म्हणतो देव एक. मग फरक काय?" तेवढ्यात तुझी मेस बंद व्हायची वेळ झाली, म्हणून हे पत्र.

फरक एका 'च'चा आहे. तुझी मैत्रीण म्हणते, 'देव एकच आहे.' दुसरा देव नाही. पण जग आहे, तू-मी आहोत, त्याने घडवलेले. कुंभार आणि मडकं. मडकं कितीही पक्कं भाजलं तरी त्याचा कुंभार होत नाही. अद्वैती म्हणतो, 'एक देवच आहे.' दुसरा देव राहू दे, दुसरं काहीच नाही.

छांदोग्य उपनिषदातला श्वेतकेतू १२व्या वर्षी गुरूकडे गेला आणि २४व्या वर्षी भरपूर ताठा घेऊन घरी आला. (तुझी चोविशी जवळ आली आहे, एवढंच म्हणते.) बापाने, उद्दालकाने, त्याला रात्री पाण्यात मीठ टाकायला लावलं आणि सकाळी ते परत मागितलं. कुठून देणार? मग म्हणाला, वरचं पाणी चाख, मधलं चाख, तळाचं चाख. सगळं खारट. तसंच ते सत्य. दिसत नाही, पण सगळ्यात आहे. आणि 'तत्त्वमसि', ते तूच आहेस.

मडक्याने हे म्हटलं तर कुंभाराच्या घरात खळबळ होणारच. 'अनल हक', मीच सत्य, असं हल्लाज नावाचा मुसलमान सूफी म्हणाला, असं सांगतात. बगदादमध्ये ९२२ साली त्याला ठार मारलं. अर्थात त्यात राजकारणही होतं. पण 'ते त्यांचं, हे आपलं' अशी वाटणी करू नकोस. उडुपीचे मध्वाचार्य जीव आणि ईश्वर कायमचे वेगळे मानत, आणि इब्न अरबी या मुसलमान विचारवंताच्या वाटेने जाणारे सूफी अस्तित्व एकच म्हणत.

माझं विचारशील तर डोक्याला उद्दालक पटतो. पण आजोबा गेले त्या रात्री मी देवघरात जाऊन कडाकडा भांडले, आणि भांडायला समोर कुणीतरी लागतं. तुकोबांनीही अद्वैतात आपलं समाधान नाही, चरणसेवाच गोड, असं विठ्ठलाला तोंडावर सांगितलं. तेच तुकोबा दुसऱ्या अभंगात आकाशाएवढे होतात! कोणते खरे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मैत्रिणीला दिवाळीला घेऊन ये. आपण तिघी वाद घालू. बाबा चकल्या तळतील.

तुझी,
आई