आरोग्यमंत्री साहेब, लठ्ठपणाच्या मोहिमेचा हिशोब एकदा माझ्या गल्ल्यावर बसून बघा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांना
सप्रेम नमस्कार,

साहेब, साताऱ्यात गोडोलीत माझं किराणा दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळचं. शाळेचं गेट दुकानापासून चाळीस पावलांवर. हे आधीच सांगून ठेवते, पुढं त्याचं काम पडणार आहे.

मध्यंतरी मिस्टरांना घेऊन लठ्ठपणाच्या मोहिमेतल्या एका सरकारी शिबिराला गेले होते. मोठ्ठा फ्लेक्स, मंडप, खुर्च्या, स्पीकर, पाहुण्यांना शाल श्रीफळ, तासभर भाषणं, आणि मग वजन केलं, कंबर मोजली, हातात एक रंगीत पत्रक दिलं, तेलकट टाळा आणि रोज अर्धा तास चाला, झालं शिबिर. आता कंबर तर आमच्या आशा सेविका ताईंनी आधीच घरी येऊन मोजली होती, तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा त्या फॉर्म भरतात, त्यात बायकांचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषांचा ९० च्या वर गेला की धोक्याचे मार्क वाढतात, त्याला लागते एक टेप आणि एक बाई. मग मंडप कशाला? मिस्टरांना बेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली, गोळ्या, स्ट्रिपा, दर तीन महिन्यांनी रक्त, सगळं धरून महिन्याला दोन हजाराच्या आसपास जातात, म्हणून मला या विषयात पैसा कुठं लागतो आणि कुठं वाया जातो ते फार टोचतं.

मोहिमेला विरोध नाहीये माझा, उलट हवीच आहे. सरकारच्याच २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले, म्हणजे चारातलं एक माणूस, आणि दुकानात उभं राहिलं की हे रोज दिसतं. माझं म्हणणं एवढंच की लठ्ठपणा थांबवायचा पैसा जिथं खरा उपयोगाला येतो तिथून तो काढून घेतला जातोय.

अंड्याचंच घ्या. २०२३ च्या शेवटी शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं, पोरं त्या दिवशी खूश असायची, माझा मुलगा सहावीत आहे तो घरी येऊन सांगायचा. जानेवारी २०२५ मध्ये शासन निर्णय आला की अंड्याला आणि खिरीच्या साखरेला जादा निधी मिळणार नाही, लोकसहभागातून करा. वर्षाला साधारण ५० कोटींचा प्रश्न होता असं पेपरात आलं. साखर गेली तर जाऊ दे, तिचं मला काही नाही, पण अंडं? पाचवीपर्यंतच्या पोराला धान्य सोडून दिवसाला ६ रुपये ७८ पैसे मे २०२५ मध्ये ठरले, त्यात डाळ, तेल, मसाला, भाजी, गॅस सगळं, आणि माझ्याकडं एक अंडंच तेवढ्याला पडतं. शिक्षकांनी वर्गणी कुणाकडं मागायची साहेब, ज्यांच्या घरी अंडं परवडत नाही त्यांच्याचकडं ना? नुसता भात खाल्लेलं पोरगं तासाभरात परत भुकेजतं आणि पाच रुपयांचं नाणं घेऊन माझ्या दुकानात येतं, तिथं त्याला काय मिळतं ते मी सांगते, बिस्किटाचा पुडा नाहीतर मसाल्याचे चिप्स, पोटभर मैदा, साखर आणि तेल. अंड्याचे वाचवलेले पैसे पुढं वीस वर्षांनी शुगरच्या गोळ्यांत जाणार आहेत, कुणाच्या खिशातून ते वेगळं.

टॅक्सचं म्हणाल तर तुमचे हात बांधलेत हे कळतं मला. केरळनं २०१६ ला ब्रँडेड हॉटेलातल्या बर्गर पिझ्झावर साडेचौदा टक्के लावून बघितला, पुढच्याच वर्षी जीएसटी आला आणि राज्याच्या हातात काही उरलं नाही. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून कोल्ड्रिंकला ४० टक्के जीएसटी आहे, ते ठीक, पण बिस्किट चॉकलेट १८ वरून ५ वर आणि फरसाण १२ वरून ५ वर आलं. धंद्याला बरं झालं, खोटं कशाला बोलू, पण पाच रुपयांचा पुडा पाचलाच राहिला आणि आतलं वजन वाढलं, म्हणजे त्याच नाण्यात पोरगं जास्त खातंय. जीएसटी कौन्सिलात आपल्या राज्याचेही मंत्री बसतात, तिथं आरोग्य खात्यानं काही लेखी दिलं होतं का, दिलं असेल तर आम्हाला वाचू द्या.

आता माझी चाळीस पावलं. शाळेपासून ५० मीटरच्या आत जादा साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत हा नियम २०२० चा आहे. मला तो यंदा कळला, तो पण शाळेतल्या एका मॅडमनी सांगितला म्हणून. मी माप घेतलं, दुकान आत येतं, जूनमध्ये चिप्सच्या सगळ्या माळा काढल्या आणि पुढं फुटाणे, भाजके शेंगदाणे, राजगिरा लाडू आणि केळी ठेवली. रोजचा गल्ला तीनशे साडेतीनशेनं कमी झालाय. पोरं काय करतात, दोन दुकानं सोडून पलीकडं जातात, ते पण गेटपासून तेवढंच लांब, त्याला कुणी विचारलं नाही आणि मलाही कुणी शाबास म्हणायला आलं नाही. या नियमाला मंडप लागत नाही, एक नोटीस आणि महिन्यातून एक फेरी, बस.

आणि खेळाचं. आमच्या जिल्ह्यात यवतेश्वरच्या घाटात हिल मॅरेथॉनला हजारो लोक पळतात, पहाटे अजिंक्यताऱ्यावर चालणाऱ्यांची रांग असते, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक मारलं. माझ्या मुलाच्या शाळेत पीटीचे सर नाहीत, पीटीच्या तासाला गणित घेतात.

तर साहेब, तीन गोष्टी मागते. मोहिमेचा खर्च जिल्हावार जाहीर करा, जाहिरात आणि कार्यक्रमांवर किती, औषधं आणि तपासणीवर किती, शाळांवर किती. अंड्याचा निधी परत सुरू करा, लठ्ठपणाच्या पैशातून केलात तरी चालेल. आणि ५० मीटरचा नियम सगळ्यांना एकसारखा लावा, सुरुवात माझ्यापासून करा, तपासायला माणूस पाठवा, सकाळी सात ते रात्री नऊ मी दुकानातच असते.

आपली,
एक किराणा दुकानदार आणि सहावीतल्या मुलाची आई
गोडोली, सातारा