धुराचा कागद देणाऱ्या आजींना

प्रिय आजी,

तुम्हाला मराठी येत नाही, तेव्हा यातलं काय ते मी फोनवर सांगेनच. तरी हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. केपटाउनात बागेची हौस असलेली आपली मराठी माणसं आहेत, त्यांच्याही कामी येईल.

रेस्टिओचं, म्हणजे इथल्या त्या लव्हाळ्यासारख्या झाडाचं, बी मी चांगले पैसे मोजून घेतलं होतं. उगवलं काहीच नाही. विकणाऱ्यांना विचारलं तर आधी म्हणाले पाणी जास्त झालं, मग म्हणाले कमी पडलं, आणि शेवटी "काहींच्या हाताला येतच नाही" असं सांगून मोकळे झाले. पाकिटावर झाडाचा झकास रंगीत फोटो, पण धुराचा उल्लेख औषधालाही नाही. ज्याच्याशिवाय बऱ्याचशा रेस्टिओंचं बी उगवायला ढिम्म हलत नाही, नेमकं तेवढंच सांगायचं राहून जातं! ठीक आहे, विसरले म्हणू. पण वर माझ्या हाताला नावं ठेवायची काय गरज होती?

तुम्ही माझ्या हाताबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. पाकिटात उरलेल्यांतला एक दाणा बशीत ठेवलात, ब्लेडने मधोमध चिरलात आणि भिंग माझ्याकडे दिलंत. जेमतेम डोळ्याला दिसणारा तो दाणा, वरचं कवच काळपट, आणि आत पांढराशुभ्र, गच्च भरलेला गर. "जिवंत आहे की!" एवढंच म्हणालात. आजी, पुढचं सगळं तुम्ही सांगितलं नसतं तरी त्या बशीसाठी मी तुमचे आभार मानले असते. समोरच्याला शहाणपण शिकवण्याआधी त्याच्या पदरातली वस्तू नीट बघायची, हे किती जण करतात?

मग चहा ओतता ओतता तुम्ही केपच्या फाइनबॉसची, म्हणजे इथल्या झुडपी रानाची, गोष्ट सांगितलीत. इथली झुडपं वणव्याच्या हिशोबाने जगतात. वणवा येऊन गेला की वरची गर्दी हटते, ऊन जमिनीला लागतं, राखेतून खत मिळतं. बीने उगवायचं तर तेव्हाच. पण जमिनीत पडलेल्या बीला वर काय झालं ते कळणार कसं? सगळ्यांना वाटायचं, उष्णतेने. काही कठीण कवचाच्या बियांचं तसं असतंही. पण 1990 साली द लांगे आणि बूशे या दोघा संशोधकांनी ऑडुइनिया कॅपिटाटा या इथल्या दुर्मिळ झुडपावर काम करून दाखवून दिलं, की नुसता झाडपाल्याचा धूरही बीला जागं करतो. पुढे केपटाउनच्याच कर्स्टनबॉश वनस्पती उद्यानात एकामागून एक झाडं तपासली गेली आणि कितीतरी जाती धुराला ओ देतात असं निघालं. गंमत म्हणजे वणव्याशी काही देणंघेणं नसलेलं लेट्यूसचं बीसुद्धा!

धुरात असतं काय, ते 2004 साली कळलं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या आणि तुमच्या दक्षिण आफ्रिकेतल्याच पीटरमॅरिट्झबर्गच्या संशोधकांनी आपापल्या परीने एकच रेणू शोधून काढला: कॅरिकिनोलाइड. झाडातलं सेल्युलोज जळताना तो तयार होतो, पाण्यात उतरतो आणि पावसाबरोबर मातीत जातो. अब्जात एक भागाहूनही कमी असला तरी पुरतो. उलट धुराचं पाणी जास्त कडक झालं तर तेच बी दाबून ठेवतं. म्हणून तुम्ही अख्खा कागद न देता, धुराच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या त्या तपकिरी टिपकागदातला अर्धा कापून दिलात आणि दरडावून सांगितलंत, "एवढाच!" डब्याचं झाकण उघडल्यावर जो वास आला, तो थेट आमच्या रायगडातल्या मे महिन्याचा.

तुम्ही लगेच विचारलंत, तिकडे काय जाळता? मी राबाबद्दल सांगितलं: शेण, कवळ, पाचोळा, गवत थरावर थर रचून पावसाआधी भाजतात आणि त्याच जागेत भाताचं बी पेरतात. तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं, म्हणून हा खटाटोप. त्याच्या धुराचा भाताला काही उपयोग होतो का, असं तुम्ही विचारलंत, आणि मला ठाऊक नाही म्हटल्यावर तुमच्या वहीत प्रश्नचिन्हासकट ते लिहून ठेवलंत. उभा जन्म या झाडांत घालवलेली बाई माझ्या गावचं शेत विचारून टिपून घेते! विकणाऱ्यांच्या एका ईमेलमध्ये मला जेवढी अक्कल शिकवली होती, तेवढी तुम्ही संबंध दुपारभरात शिकवली नाहीत.

आता मुद्द्याचं. एप्रिलच्या गार रात्री सुरू झाल्यावर पेरलेलं बी उगवलंय. सगळं नाही, पण ट्रेच्या एका बाजूला दाट, सुईसारखे हिरवे कोंब आहेत. त्यांच्या मुळांना धक्का सोसत नाही असं तुम्ही म्हणाला होतात, मग कुंडीत हलवायचे कधी, ते विचारायचं राहिलं. रविवारी फोन करते. आणि उरलेल्या कागदाचे पैसे या वेळी तरी घ्या.

तुमची,
ट्रेवाली शेजारीण