स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी पुलाच्या स्लॅबचं काँक्रीट आहे म्हणालास, मग रविवारी दुपारीच साईटवर जा. काँक्रीट पडलं की सळई दिसत नाही, आणि सकाळी पंप उभा राहिल्यावर ‘साहेब, एवढं चालतंय’ म्हणणारे दहा जण असतात.

सळयांचं अंतर एकाच गाळ्यात मोजू नकोस, 3 मीटर टेप धर. 150 मिमी अंतर असेल तर 20 गाळे भरायला हवेत. 12 मिमी सळईचा 1 मीटर तुकडा काट्यावर टाक, 0.89 किलोच्या आसपास भरला पाहिजे, 5 टक्क्यांपलीकडे फरक नको. खाली कव्हर ब्लॉकच हवेत, म्हणजे सळई शटरिंगच्या फळ्यांपासून वर उचलून धरणारे ठोकळे. फरशीचे तुकडे पाय पडला की सरकतात, सळई शटरिंगला टेकते आणि काही पावसाळ्यांनी तिथूनच गंज उतरतो.

खरा दगा देते ती फुटपाथखालची, बाहेर आलेली बाजू. तिथली मुख्य सळई वरच्या अंगाला असते. पंपाची नळी ओढताना मजूर तिच्यावरून चालले की ती दबते, आणि दबलेली सळई तिथे जवळजवळ नसल्यासारखीच. वरच्या जाळीला उचलून धरणाऱ्या सळईच्या खुर्च्या मोजून घे, चालायला फळ्या टाकून घे. हे तोंडी सांगू नकोस, साईटच्या वहीत लिही.

प्लँटमधून काँक्रीट आणणाऱ्या गाडीच्या चलनावरची (मालाच्या पावतीवरची) वेळ बघ. भरल्यापासून 2 तासांत रिकामी व्हायला हवी. माल घट्ट वाटला की ड्रायव्हर पाण्याचा पाइप ड्रममध्ये सोडतो, आणि क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, नेमके त्याआधी भरलेले असतात! मग क्यूब पास, स्लॅब कच्चा. पाण्याला सरळ नाही म्हण. माल सैल करणारं रसायन, प्लॅस्टिसायझर, लागलाच तर प्लँटच्या माणसाकडून, ठरलेल्या मात्रेतच.

तुझं काम 36 घनमीटरचं, म्हणजे 4 नमुने, प्रत्येकी 3 क्यूब. 7 दिवसांच्या चाचणीचे क्यूब वेगळे. चारही नमुने पहिल्या गाडीतून घेऊ नकोस, ती गाडी नेहमीच छान असते.

काँक्रीट हलवून घट्ट बसवणारे दोन व्हायब्रेटर चालू आणि एक जादा ठेव. व्हायब्रेटरची सुई उभी घालायची, सावकाश काढायची. सळईला टेकवून काँक्रीट ढकलायला वापरताना दिसले तर तिथेच थांबव.

क्युरिंग, म्हणजे ओल्या गोणपाटाखाली स्लॅब भिजत ठेवणं, 14 दिवस. मुकादम जेवायला गेला की गोणपाट वाळतं, तेव्हाच चक्कर मार. हेल्मेट घालून.

तुझी,
आई