उडीचा घोडा घेताना

संपादक महोदय,

उडीच्या, म्हणजे स्पर्धेत दांड्यांच्या अडथळ्यांवरून उड्या घेणाऱ्या घोड्यांचे सौदे हल्ली व्हिडिओ पाहूनच ठरू लागले आहेत. व्हिडिओत चांगल्याच उड्या दिसतात; पाडलेले दांडे कापले जातात.

घोडा पाहायला जाल तेव्हा तो तबेल्यात, खोगिराविना आणि थंड अंगाने उभा असावा. आधीच फिरवून घाम काढलेला असेल, तर सकाळचा ताठरपणा किंवा खोडसाळपणा लपवला असण्याची शक्यता धरा. आधी विक्रेत्याच्या स्वाराला उड्या घ्यायला सांगा, मग स्वतः बसा. मैदानाच्या फाटकाकडे, म्हणजे बाहेर पडायच्या दिशेने धावताना बहुतेक घोडे खुशीत उडी घेतात. फाटकाकडे पाठ करून अडथळ्यावर न्या, म्हणजे अडेलपणा कळतो.

पशुवैद्य आपला हवा, विक्रेत्याचा नव्हे. पशुवैद्य घोड्याचा एकेक पाय साधारण मिनिटभर दुमडून धरतो आणि लगेच कडक जमिनीवर दुडकी धाववतो. लंगड दिसली की त्या सांध्याचा एक्स-रे काढावा. उडीनंतरचा भार पुढच्या पायांवर येतो, म्हणून पुढचे खूर आणि घोटे बारकाईने पाहावेत. वेदनाशामक देऊन लंगड झाकता येते. त्यामुळे तपासणीच्या दिवशीच रक्ताचा नमुना घेऊन जपून ठेवावा. घोड्याच्या अंगात बसवलेल्या मायक्रोचिपचा क्रमांक त्याच्या पासपोर्टशी, म्हणजे ओळखपत्राशी जुळवावा.

पोनीच्या, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच उंची असलेल्या लहान घोड्याच्या बाबतीत उंचीचा दाखला मागा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत नालेविना १४८ सेंमी, नालेसह १४९ सेंमी ही मर्यादा आहे. वाढीच्या वयातली, काठावरची पोनी पुढे अपात्र ठरू शकते आणि तिची किंमत एकदम पडते.

— एक वाचक