विंगेत उभ्या राहणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

आपण माझ्या मुलाच्या मानसशास्त्रज्ञ, पण आपले नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेले नाही. ते लिहिले, तर माझा मुलगा कोण हे ओळखायला सोलापूरकरांना एक संध्याकाळही लागणार नाही.

माझा मुलगा वयाच्या आठव्या वर्षापासून गातो. गणेशोत्सवात, नातेवाइकांच्या लग्नांत आणि एकदा हुतात्मा स्मृती मंदिराच्या भरलेल्या सभागृहात त्याने काळी चार या उंच पट्टीत अभंग गाऊन टाळ्या घेतल्या. आमचे घराणे विणकरांचे. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलचे चार माग, एवढाच आमचा व्याप. त्यात गाणारा मुलगा निपजल्याचा अभिमान माझ्या डोक्यात गेला होता, हे आज मान्य करतो. चौदाव्या वर्षी एका कार्यक्रमात तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, त्याचा आवाज फाटला, पुढच्या रांगेतली काही मुले हसली, आणि मी मात्र मोबाइलवर सगळे चित्रित करत राहिलो. चूक कुठे झाली ते त्याला कळावे, म्हणून ती चित्रफीत मी घरी त्याला दोनदा दाखवली. त्यानंतर सात महिने तो गायला नाही. तानपुऱ्याची पेटी कपाटात गेली, आणि पुढे पुढे वर्गात उभे राहून उत्तर देणेही त्याने बंद केले.

आपल्याकडे येण्याआधी मी आपली चौकशी केली होती, याबद्दल क्षमस्व. मानसशास्त्रात एम. ए., नंतर चिकित्सा मानसशास्त्राचा दोन वर्षांचा एम. फिल. आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी, हे सगळे भिंतीवरच्या चौकटीत दिसले आणि मी निश्चिंत झालो. पण मुलाला त्या चौकटींशी काही देणेघेणे नव्हते. शिक्षण घेत असताना आपण हौशी नाटकांमध्ये सहा वर्षे प्रॉम्प्टिंग, म्हणजे विंगेतून नटांना अडलेली वाक्ये सुचवण्याचे काम केले, हे कळल्यावर तो पहिल्यांदा आपल्याकडे नीट पाहू लागला. नट थांबला की तो अडला आहे की मुद्दाम थांबला आहे, हे प्रॉम्प्टरला विंगेतल्या अंधारातून ओळखावे लागते. घाईने वाक्य दिले तर नटाचा विराम मोडतो आणि उशिरा दिले तर प्रवेश पडतो, असे आपण त्याला सांगितलेत. पहिल्या तीन भेटींत तो जवळजवळ काहीच बोलला नाही आणि आपणही त्याच्या तोंडात एकही वाक्य घातले नाही, याचा अर्थ मला फार उशिरा लागला. त्या वेळी मी बाहेरच्या बाकावर बसून फीचा हिशेब करत होतो.

पहिल्याच दिवशी आपण आम्हा तिघांना समोर बसवून अटी सांगितल्या होत्या. मुलगा अठरा वर्षांखालील असल्यामुळे आमची संमती घेतली. पण तो जे बोलेल ते त्याच्या परवानगीशिवाय आम्हाला कळणार नाही, हेही स्पष्ट केले. त्याच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर मात्र गप्प राहता येणार नाही, आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने कळवणे बंधनकारक आहे, हा अपवाद आपण त्याच्यासमोरच सांगितलात. पैसे मी भरायचे आणि मलाच काही कळू नये, हे मला तेव्हा रुचले नव्हते. मुलाचे खांदे मात्र त्याच क्षणी सैल झाले, असे त्याच्या आईने पाहिले.

त्याच्या मनाविषयी काही बोलण्याआधी आपण त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलेत. स्वरयंत्रात दोष नाही हे कळल्यावर, या वयात मुलग्यांचे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज साधारण एका सप्तकाने खाली येतो, हे आपण कागदावर आकृती काढून दाखवलेत. चौदा वर्षांच्या मुलाने काळी चारमध्येच गात राहावे हा आमचा हट्ट म्हणजे जुन्या चपलेत वाढलेला पाय कोंबणे होते. पुढे त्याच्या गुरुजींनीही पट्टी उतरवली. आज तो काळी एकमध्ये गातो.

उरलेला प्रश्न भीतीचा होता. तोंड कोरडे पडणे, हात गार पडणे आणि छाती धडधडणे ही ॲड्रेनॅलिनची कामे आहेत, ती बंद पडण्याची वाट पाहत बसलो तर कधीच गाणे होणार नाही. घाबरलेले असतानाही गाता येते, असे आपण त्याला सांगितलेत. हे त्याने मला सांगितले, म्हणून येथे लिहितो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेली, मनातले हट्टी विचार तपासून बदलण्याची विवेकनिष्ठ पद्धत आपण वापरता, हेही त्यानेच सांगितले. ‘मी उत्तमच गायलो पाहिजे’ आणि ‘मला उत्तम गायला आवडेल’ ही दोन वाक्ये त्याने वहीत एकाखाली एक लिहिली होती. एलिस स्वतः तरुणपणी इतके लाजाळू होते, की भीड चेपावी म्हणून न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात महिनाभर बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी जाऊन बोलत राहिले, हा किस्सा सांगताना मुलगा कित्येक महिन्यांनी जेवणाच्या ताटावर हसला.

त्यावरूनच दिलेला गृहपाठ आमच्या घरात अजून गाजतो आहे. नवी पेठेत चादरींनी छतापर्यंत भरलेल्या दुकानात जाऊन ‘येथे चादर मिळते का?’ असे विचारायचे. तो गेला, विचारून आला, आणि दुकानदाराने वरपासून खालपर्यंत कसे पाहिले याची नक्कल त्याने आजीला करून दाखवली. दुकानदार माझ्या ओळखीचे निघाले, ही गोष्ट वेगळी. मग पायऱ्या सुरू झाल्या: आधी बंद खोलीत, मग आजीसमोर एक ओळ मुद्दाम बेसूर, मग गुरुजींच्या वर्गात, मग चुलत बहिणीच्या साखरपुड्यात.

मला आपण दिलेला गृहपाठ एकच होता आणि तो सर्वांत अवघड होता: गाणे संपल्यावर पहिली पाच मिनिटे काहीच बोलायचे नाही, कौतुकसुद्धा नाही. मागावर एक धागा तुटला की माग थांबवून गाठ मारायची, हा माझा तीस वर्षांचा हात. मुलाच्या बाबतीत हात आवरायला शिकणे सोपे गेले नाही. साखरपुड्यात त्याचा आवाज एकदा पुन्हा चिरकला. तो थांबला, पाणी प्यायला आणि ती ओळ पुन्हा घेतली. माझा मोबाइल तेव्हा स्कूटरच्या डिकीत होता.

तो पुढे गायक होईल की नाही, हे त्याने ठरवलेले नाही आणि आम्ही विचारणे सोडले आहे. सध्या त्याला हार्मोनियमची साथ करण्यात अधिक रस वाटतो. पुढच्या महिन्यातल्या भेटीची वेळ त्याने स्वतःच फोन करून ठरवली, एवढे मला माहीत आहे.

हे पत्र प्रसिद्ध करण्यापूर्वी मी त्याला वाचायला दिले होते. त्याने दोन वाक्ये खोडली. ती कोणती, हे आपल्यालाही सांगायचे नाही, असे आमच्यात ठरले आहे.

आपला कृतज्ञ,
एक पालक, सोलापूर